सहा एक्केचाळीस ते सहा बावन्न

४ ऑगस्ट
सकाळची ड्युटी. कॅज्युअल्टीत नवीन सिस्टर आली, वैशाली. जतच्या पलीकडची, मेंढरंवाल्यांच्या घरातली. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ताई-माई म्हणून मोकळी. आयामावशींनी तिला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. मला सतरा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

७ ऑगस्ट
जळले. सरळ लिहिते, इथं कोण वाचतंय.
साडेदहाला विट्याकडचा पेशंट. एक बाजू लुळी, जीभ जड. बायको म्हणाली, "वारं गेलं अंगावरनं. सकाळधरनं असंच हाय." मी केसपेपरवर लिहिलं, ‘उठल्यापासून’. म्हणजे झोपेत कधी झालं कुणास ठाऊक. आणि वेळ नक्की नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन डॉक्टर सर देत नाहीत. ते साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं.
तेवढ्यात वैशाली विचारते, "मावशी, आज धार कुणी काढली?"
"त्येनीच की. डेरीला दूध घालून आलं, अन् कासराभर दिस वर आलावता तवा दारात पडलं."
कासराभर म्हणजे दिवस दोरीएवढा वर, सव्वासात-साडेसात, असं ही बया सरांना सांगते. सरांनी पेशंटच्या खिशातली दुधाची स्लिप काढली. सहा अठ्ठावन्न. लगेच स्कॅन, लगेच इंजेक्शन. संध्याकाळी पेशंट पाय उचलायला लागला.
माझं ‘उठल्यापासून’ सरांनी स्वतःच्या पेनानं खोडलं. रागावले असते तर परवडलं असतं. नुसता पेपर माझ्याकडं परत दिला.

९ ऑगस्ट
मेट्रन म्हणाल्या, महिनाअखेर स्ट्रोकच्या कामाला एक इनचार्ज सिस्टर नेमणार. मी धरूनच चालले होते की मीच. आज चहाच्या वेळी तिचं नाव ऐकलं. पाच दिवसांची पोर!
इथून पुढं तिला नुसतं व. लिहिणार. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.

१४ ऑगस्ट
व.चे प्रश्न आता अख्ख्या हॉस्पिटलात प्रसिद्ध. गाडी गेल्ती का? शाळा सुटल्ती का? नळाला पाणी आलंतं का? घड्याळ सोडून सगळं विचारते, आणि वेळ बरोबर निघते.
घरी सलीमना सांगितलं. म्हणाले, "पोरगी हुशार दिसतीया." आमटीत मीठ घातलं नाही. विसरले म्हणून सांगितलं.

१९ ऑगस्ट
आज व. माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. "ताई, तुमच्या हाताखाली शिकाया मिळतंय, माझं नशीब." तोंडदेखलं नव्हतं, तेच तर जास्त लागलं. वाईट असती तर बरं झालं असतं.
चटणी चांगली होती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
आज जे केलं ते
पुन्हा लिहिते. नीट.
दुपारपाळी. सहा पस्तीसला कुंडलचे टेलरचाचा आले. बासष्ट वय, तोंड वाकडं, उजवा हात लोंबतोय. मुलगा सांगत होता, "असरच्या नमाजाला चालत गेले. तवा ठणठणीत हुते. आले त्ये असे."
मी ट्रॉलीच्या दुसऱ्या अंगाला सलाइन लावत होते. व.नं सरांना सांगितलं, "दीड वाजता, सर. नमाजाच्या वेळी." तिला बिचारीला नमाज म्हटलं की शुक्रवारची दुपारचीच माहीत. असर म्हणजे सव्वापाच. आमच्या घरातलं लहान पोरही सांगेल.
मी घड्याळ पाहिलं. सहा एक्केचाळीस.
बोलले नाही.
वाटलं, सरांनाच कळू दे. एकदा तरी चुकलेली दिसू दे. हे शब्द तेव्हा मनात नव्हते, पण होतं ते हेच.
सर म्हणाले, "पाच तास होऊन गेले. मग इंजेक्शनचं काही नाही. स्कॅनला आधी तो अपघातवाला घ्या." मुलाला बाजूला घेऊन समजावलं. त्यानं मान डोलावली आणि चाचांची टोपी घडी करून खिशात ठेवली.
तेव्हा बोलले. सहा बावन्न.
सर पळाले. मशीनवर तो अपघातवाला होता, तो उतरेपर्यंत आणखी वेळ गेला. सात पंचवीसला इंजेक्शन गेलं.

२३ ऑगस्ट
मेट्रननी सगळ्यांसमोर सांगितलं, "शमीम सिस्टर होत्या म्हणून." टाळ्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा. व. सगळ्यात जोरात वाजवत होती, डोळे रडून सुजलेले.
चाचांची वाचा आली. हात नाही.

२६ ऑगस्ट
व. वही घेऊन बसली. "फजर, जोहर, असर... ताई, कुठली कवा त्ये सांगा. परत चुकायचं न्हाई." सांगितलं. मग म्हणाली, "तुमाला लगीच कळलं, व्हय? मी असते तर वरडलेच असते."
"मी नीट ऐकलं नव्हतं आधी," म्हटलं.
अजून तिच्यावर जळतेच आहे, खोटं कशाला लिहू. आता तर जास्तच. तिची चूक वहीत मावली.

२९ ऑगस्ट
इनचार्ज मी. पत्र मिळालं. सलीमनी पेढे आणले, मला खाववेना.
पहिलं काम, टेलरचाचांच्या केसचा अहवाल. त्यात एक रकाना आहे, ‘चूक कधी लक्षात आली’. सरांना सहज विचारलं, थोडं आधी दिलं असतं तर हात वाचला असता का? म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित. मिनिटामिनिटाला मेंदू मरतो, तुम्हीच शिकवता की पोरींना."

२ सप्टेंबर
चाचा तपासणीला आले. मुलानं दुकान बंद केलंय, ब्लाउजची कापडं गिऱ्हाइकांना परत करतोय. चाचांनी मला ओळखलं. उठून उभे राहिले. उजवा हात डाव्या हातानं उचलायला गेले, जमलं नाही, मग डावाच माझ्या डोक्यावर ठेवला.
"डावा लावतोय बेटी, माफ कर. तू नसतीस तर बोलणंबी गेलं असतं."
दारात व. उभी होती. हसून बघत होती.
अहवाल उद्या सकाळी द्यायचाय. बाकी सगळा भरला. त्या रकान्यात सहा लिहिलंय, पुढे