पोह्यांऐवजी नूडल्स

रवि. ७ डिसें., अमरावती

बघण्याचा कार्यक्रम या वेळी चक्क गाडीवर. मावशीला मीच बजावलं होतं, छत्तिसाव्या वर्षी पोह्यांचा ट्रे घेऊन येणार नाही, बाहेर भेटते. मुलगा (एकोणचाळीस, मावशीच्या लेखी मुलगाच) परतवाड्याचा, हेमंत. बरीच वर्षं शांघायला कापडाच्या यंत्रांच्या कंपनीत होता, आता इथं एमआयडीसीत. जागा त्यानं ठरवली. मला वाटलं, कॉफी-बिफी. निघाली सलीमभाईंची गाडी. पाटी: ‘शांघाय नूडल्स’. खाली बारीक अक्षरांत: ‘मोमो म्हणू नये’.

सलीमभाई अचलपूरचे. शांघायला हॉटेलच्या भटारखान्यात होते, तिथलीच या दोघांची ओळख. नूडल्स कांद्याच्या पातीच्या तेलात परतलेले, काळपट, गोडसर. शेजारच्या माणसानं वरून तर्री मागितली. सलीमभाई म्हणाले, “तर्री पाहिजे त पोह्याच्या गाडीवर जा ना भाऊ.”

मग वाफेवरचे डंपलिंग. आत गरम रस्सा असतो हे कोणी सांगावं ना! मी आलूबोंड्यासारखा सरळ चावा घेतला. रस्सा थेट हेमंतच्या चष्म्यावर. त्यानं शांतपणे चष्मा पुसला. “पहिल्या खेपेले मायं बी असंच झालं होतं.” पोट दुखेपर्यंत हसलो.

आवडला. लिहूनच टाकते.

ऑटोत बसवून दिलं आणि म्हणाला, “बरं, जातो.”

जातो?

सोम. ८ डिसें., अकोला

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. चष्म्याच्या गोष्टीपर्यंत हसत होते. मग,
“येतो नाही म्हणला?”
“नाही. जातो म्हणाला.”
“मंग झालं काम.”
आपल्याकडे दूधवालासुद्धा ‘येतो’ म्हणून जातो. मला हे असलं पटत नाही, मी कॉलेजात गणित शिकवते. पण चौथ्या तासाला फळ्यावर उदाहरण अर्धं टाकून उभी राहिले. पोरं बघत होती.

बुध. १० डिसें.

मावशीचा फोन. “काहून वं, काय बोलली तू त्याले?” काहीच नाही बोलले! निरोप नाही, फोन नाही. नंबर माझ्याकडेही आहे म्हणा. पण मी का करू? राग आलाय.

रवि. १४ डिसें., अमरावती

मावशीचा गुडघा हे निमित्त. दुपारनंतर एकटीच गाडीवर गेले. सलीमभाईंनी ओळखलं, स्टूल पुसून दिलं. या वेळी खायचं कसं ते शिकवलं. डंपलिंग चमच्यात घ्या, बाजूला बारीक छेद पाडा, रस्सा आधी प्या. छान लागतं. जीभ शाबूत.

शेवटी विचारलंच. हेमंत कुठं आहे? यवतमाळला, मशीन बसवायला. मग ते ‘जातो’चंही सांगून टाकलं. मला वाटलं हसतील. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

“मॅडम, तो कोनालेच येतो म्हनत नाही.”

शांघायला निघताना आईला ‘येतो’ म्हणाला होता. मग करोना, विमानं बंद. आई गेली तेव्हा हा तिकडं, फोनच्या पडद्यावर बघत. “तवापासून तो शब्दच नाही काढत. मी बी नाही छेडत त्याले.”

नूडल्स गार झाले. तसेच खाल्ले.

परतीच्या बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं मला गाडी लागते, त्यांनी खिडकी उघडून दिली आणि वर लिंबू दिलं. चोखत बसले.

गुरु. १८ डिसें.

हेमंतचा फोन, यवतमाळहून परतल्यावर. अकोल्यात थंडी किती, वगैरे. मग म्हणाला, जुनी कंपनी परत शांघायला बोलावतेय. दोन वर्षं.
“म्हून मी काही कळवलं नाही. तुमाले अडकवून काहून ठेवू? मी कोनाले शब्द देत नाही.”
“मी मागितलाय का?”
फोन दोघांनीही ठेवला नाही.

शुक्र. १९ डिसें.

दोन वर्षं. बाबांची औषधं. कॉलेज बिनपगारी रजा देईल? की इथंच राहायचं, वाट बघत? वाट बघण्याची भीती वाटते, खरंच वाटते. पण आजवर आलेल्या स्थळांनी जाताना तोंडभरून ‘येतो’ म्हटलं होतं, त्यातलं एकही परत फिरकलं नाही. आणि हा माणूस एका शब्दाला एवढा घाबरतो. तो मला हवा आहे. एवढं ठरलं, बाकीचं नाही.

रवि. २१ डिसें.

सकाळी बाबा दाढी करत होते. म्हटलं, माझा होकार आहे.
“अन् त्याचा?”
“अजून विचारलं नाही.”
“मंग?”
“आज विचारते.”
अर्ध्या गालाला फेस तसाच. “काय खातेत म्हणली तिथं? तिखट नसते?”
“नसतं.”
“बिना तिखटाचं खाऊन एवढं मोठं ठरवून राहिली तू?” आणि मग, “स्वेटर घे. थंडी हाय.”

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. मूर्तिजापूरहून हेमंतला कळवलं, दुपारी गाडीवर या. त्याचं उत्तर: “हाव. पन काहून?” त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही.

इतक्या वर्षांत मला विचारायला पुष्कळ जण आले. आपण विचारायचं असेल तर सुरुवात कशी करतात, ते मात्र मला कोणी शिकवलेलं नाही. मावशीलाही विचारून उपयोग नाही.

बडनेरा आलं. पुढे अमरावतीच.