एक जूनचं खरं बाळ

श्टुटगार्ट, जर्मनी
८ जून २०२५, रविवार

हिरू मावशी,
पाया पडते.

तुझे गुडघे कसे आहेत? भाताचं बी पेरलंत का? माझी तब्येत बरी आहे. हाडांच्या वॉर्डात काम खूप असतं, पण आता इथली भाषा जिभेवर बसली आहे. हे पत्र संगीता वहिनी तुला वाचून दाखवेल. फोनवरच बोलले असते, पण माझा फोन आला की तू "तूच बोल" म्हणत तो वहिनीकडे देतेस आणि बाहेर निघून जातेस. म्हणून लिहायला बसले.

गेल्या रविवारी माझा वाढदिवस झाला. हसू नकोस. एक जून ही तारीख गुरुजींनी घातलेली. आश्रमशाळेत आमच्या वर्गात सोळा जणांचा वाढदिवस एकाच दिवशी. आईला विचारलं तर म्हणते, भात कापणी चालू होती. पण इथे कागदावर जे असतं तेच खरं, म्हणून मैत्रिणींनी केक आणला.

रुपल आणि तिचा नवरा जतीन आले होते. रुपल आपल्या डहाणूचीच, घरी गुजराती बोलतात. ती माझ्याच वॉर्डात नर्स आहे. तिला नववा महिना लागलेला, तारखेला तीन आठवडे बाकी. मोठी लेक आजीकडे डहाणूलाच आहे. आणि केलरबाई, माझ्या घरमालकीण, वय सत्तर. शहराबाहेर टेकडीवर त्यांची छोटी बाग आहे. तिथेच चेरीच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. गाडी खालीच ठेवावी लागते, वर यायला नुसत्या पायऱ्या.

केलरबाईंनी विचारलं, "किती वाजता जन्मलीस?" मी सांगत होते की मला तारीखच माहीत नाही. तेवढ्यात रुपल उठली आणि टेबल धरून उभी राहिली.

"निलम, पाणी गेलं माझं."

जतीनने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ते म्हणाले, निघालोच. त्यांना रस्ता दाखवायला तो पायऱ्या उतरून पळाला. रुपलला दोन पावलंही टाकवेनात. "अरे, हे तर येतंय, निलम! हे थांबत नाही!" मी खाली वाकून पाहिलं. बाळाचे केस दिसत होते.

मावशी, सात वर्षांत मी कितीतरी माणसांचे डोळे मिटले आहेत, पण जन्म कधी एकटीने हातात घेतला नव्हता. पुस्तकात शिकलेलं एकही वाक्य आठवेना. आठवलीस तू. मी लहानपणी तुझ्यामागे गरम पाण्याची तपेली घेऊन यायचे, ती झोपडी आठवली, आणि तुझा आवाज. तू ओरडायची नाहीस कधी. "ये बाय, ये, सावकाश ये," असं म्हणायचीस, आणि ते आईला की बाळाला, हे मला कळायचं नाही. मीही तेच म्हणाले, आपल्याच बोलीत. रुपलने माझा खांदा इतका आवळला की अजून वळ आहेत.

मुलगी झाली. पण ती रडली नाही. निळसर, ढिली, ओली. केलरबाईंनी टेबलावरचा कपडा ओढला, केक गवतात पडला. मी तिला पुसलं, पाठ चोळली, तळवे चोळले, रुपलच्या उघड्या छातीवर ठेवलं. नाळ तशीच राहू दिली. तू म्हणायचीस, "घाई नको, तिच्यात अजून आई चालतेय." मी नाळेवर बोट ठेवलं. ती खरंच चालत होती, टक, टक, माझ्या बोटाखाली. मग त्या मुलीने तोंड वाकडं केलं आणि अशी रडली की केलरबाई गवतातच बसल्या. ओठांपासून रंग चढत गेला, गाल, कान, मग इवलीशी बोटं. आणि माझ्या बोटाखालची नाळ हळूहळू शांत झाली. एक माणूस एकीकडून सुटून आपल्या पायावर आलं, ते मला बोटाला कळलं. अंगावर काटा आला तो अजून जात नाही.

ॲम्ब्युलन्ससोबत एक सुईण आली होती. तिने सगळं तपासलं, दोघी ठीक. मला म्हणाली, "नाळ कापायची घाई केली नाहीस ते छान केलंस. कुठे शिकलीस?"

"मावशीकडून."

"ती सुईण आहे?"

"होती," मी म्हणाले.

वहिनी, इथे थांबू नकोस. पुढचंही मोठ्याने वाच, कारण मी बोलले तेही सगळ्यांसमोर बोलले होते.

मावशी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजचं शिबिर आपल्या रानशेतला आलं. मॅडमसमोर मला हुशारी दाखवायची होती. तुझी फडक्याची गाठोडी मी उचलून आणली, अंगणात सगळ्या बायांसमोर सोडली, त्यातलं नाळ कापायचं ब्लेड वर धरलं आणि म्हटलं, "अशा अडाणी बायांमुळे लोक मरतात." माझ्या मैत्रिणी हसल्या. तू गाठोडी बांधलीस आणि निघून गेलीस. त्यानंतर तुला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तू गेली नसतीस.

बायांनी कासाच्या दवाखान्यात जावं हे बरोबरच होतं. तूच अडलेल्या बाईला डोलीतून कासाला न्यायचीस, तेही मी पाहिलेलं होतं. तरी बोलले. मला तुझी लाज वाटत होती, एवढंच खरं कारण आहे.

या आठवड्यात मी एकच विचार करते आहे. रानशेतहून कासाला जाणाऱ्या जीपमध्ये तू बसतेस, तेव्हा त्यातली कितीजणं आधी तुझ्या हातात आली असतील? कुणाचा पहिला श्वास, कुणाची पहिली हालचाल. तू त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसतेस, भाडं देतेस, उतरतेस, आणि कुणाला काही सांगत नाहीस. मी एकीला हातात घेतलं तर आठ दिवस जमिनीवर पाय नाहीत माझे.

डिसेंबरमध्ये येते आहे. बायांना मीच गोळा करीन, त्याच अंगणात. तुला काही बोलायचं नाही, नुसतं बस. मी बोलेन. त्यानंतर घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्यासमोर मान वर करायला अजून धजत नसलेली,
तुझीच
निलम