सर्जेराव, अप्पासाहेब आणि आईची अंगठी

नल्लकुंटा, हैदराबाद

तीर्थरूप त्रिवेणीअक्कास,

धाकट्या सुलभाचा नमस्कार. (पायांवर डोकं ठेवून केला असं समज, गुडघा सध्या वाकत नाही.) भावजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन केला नाही, कारण फोनवर बोलू लागले की हे पलीकडच्या खोलीतून मला दुरुस्त करतात.

तू नांदेडला परत गेलीस त्याच संध्याकाळी आईची अंगठी माझ्या बोटात नाही असं लक्षात आलं. (सैल होते म्हणून दोरा गुंडाळलेली, तीच.) जामबागेच्या शाळेत असताना आपण कादंबऱ्यांतले गुप्तहेर वाटून घेतले होते, आठवतं? तुझे अप्पासाहेब खुर्चीतून उठायचे नाहीत. डोळे मिटून अडकित्त्याने सुपारी कातरायचे, आणि सुपारी संपेपर्यंत चोर सापडलेला असायचा. माझा सर्जेराव म्हणजे वेषांतर, पाठलाग, भिंतीवरून उडी. विचार करायला त्याला सवडच नसे. थोर कोण, यावरून आपण आठ दिवस अबोला धरला होता. तर अंगठीचा तपास या घरात दोन्ही पद्धतींनी झाला.

अप्पासाहेब अर्थातच हे झाले. निवृत्तीनंतर बसण्याचा सराव दांडगा. चार दिवस खुर्चीत बसून (सुपारी डॉक्टरांनी बंद केली आहे, म्हणून फुटाणे) त्यांनी निष्कर्ष काढला की घराची किल्ली आपल्याखेरीज एकाच माणसाकडे असते. ते माणूस म्हणजे चतुराबाई, एकोणीस वर्षं आपल्याकडे धुणीभांडी करणारी. अंगठी शोधायला पलंगाखाली शिरली होती तीसुद्धा तीच. मी म्हटलं, पुरावा हवा. मग यांचा रेनकोट आणि हेल्मेट चढवून, रणरणत्या उन्हात, तिच्या बसमागे ऑटो लावून काचीगुड्यापर्यंत गेले. तिने कोथिंबीर घेतली. मी खांबाआड. ती सरळ माझ्यापाशी आली.

“बाई, ऑटो कायकू केला? बोलायचं ना, संगं आले असते.”

मग हेल्मेटकडे बघता बघता तिला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी किल्ली उंबऱ्यावर होती आणि ती आली नाही. फार लाज वाटली, अक्का.

काल शेजारच्या प्रणिताची ओटी भरत होते. ओंजळीने तांदूळ घातले आणि बोटातली दुसरी अंगठी तांदळाबरोबर तिच्या पदरात गेली. “काकू, ओटीत सोनं बी देऊ लागल्यात का?” म्हणाली. सगळ्या हसल्या. मी मटकन खाली बसले (गुडघ्यासकट). तू निघालीस तेव्हा तुझीही ओटी मीच भरली होती.

म्हणजे बघ, एक जण बसून राहिला, एक धावत सुटली, आणि दोघंही त्याच एका गरिबाच्या दारात पोचले. माझ्या बोटांवर संशय घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. आणि त्या कादंबऱ्यांत शेवटच्या पानावर चोर सापडतो खरा, पण मधल्या पानांत ज्यांच्यावर उगाच आळ आला त्यांच्याकडे परत कुणी जात नाही. मी मात्र आज सकाळी चतुराबाईकडे जाऊन, चुकले म्हणून आले. आता मन हलकं आहे.

तुझी,
सुलभा

ता. क. ओटीचे तांदूळ शिजवू नकोस, आधी निवडून बघ. शिजवले असतील तर भावजींना जपून चावायला सांग.

आणखी एक. चतुराबाईचं वर लिहिलं ते खरं नाही. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि कोथिंबीर घेऊन परत आले. अंगठी मिळो न मिळो, तू ये. तिचं दार डावीकडून तिसरं आहे. तेवढं माझा हात धरून चल, बोलेन मी.