अठ्ठावीस लिटर

४ मार्च
अठ्ठावीस लिटर! एक गाय, एक दिवस. राहवेना, लगेच घरी युगांडाला फोन लावला. ताता, म्हणजे माझे वडील, शेजारपाजार गोळा करून बसले होते, फोनचा आवाज मोठा करून. "गप्प बसा रे, आमची डिग्रीवाली बोलतेय!"
आकडा सांगितला.
"पुन्हा सांग."
सांगितला.
"आपली बिहोगो गाय तीन देते गं पोरी. मग आम्ही आजवर केलं काय?"
"गुरं मिरवलीत, ताता!" सगळे खो खो हसले. ताता हसले की नाही, कळलं नाही.
प्रशिक्षणाचा व्हिसा वर्षाचा आहे. डेन्मार्कमध्ये शिकायचं, गावी जाऊन शिकवायचं. बस्स.

१७ मार्च
प्रेबेनची, म्हणजे गोठ्याच्या मालकाची, बोलणी खाल्ली.
"वासरं किती?"
"एक नाहीये. डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका असलेलं."
"मी 'किती' असं विचारलं!"
आमच्याकडे गुरं मोजत नाहीत, दृष्ट लागते. कळप परतला की नुसती नजर फिरवायची. जी नसते ती आधी दिसते. हे त्याला कसं सांगू? त्याने बोट नाचवत मोजली — एकोणसाठ. साठावं पेंढ्यामागे अडकलेलं. ठिपकेवालंच! दुपारी प्रेबेनने स्वतः कॉफी आणून दिली.

२ एप्रिल
ताता म्हणाले, "कळप विकून दोन तिथल्यासारख्या काळ्या-पांढऱ्या गाई आणल्या तर? तू म्हणशील तसं."
"बघू."
"बघू म्हणजे हो ना?"
"बघू म्हणजे बघू, ताता!"
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरात कधी कुणी मला विचारून काही केलं नव्हतं.

३ एप्रिल
दिवसभर उभी राहून पाय सुजलेत. आणखी काही नाही.

२१ एप्रिल
२११३ नंबरच्या गाईला आज कत्तलखान्यात नेलं. पाच वर्षांची होती. मागचा पाय टेकत नाही, हे चाल मोजणाऱ्या यंत्राआधी मीच ओळखलं होतं. डॉक्टर येऊन गेला, पण दूध अठरावर आलं. "परवडत नाही," प्रेबेन म्हणाला. अठरा! म्हणजे सहा बिहोगो.
ट्रकमध्ये चढवताना त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. मी नाव विचारलं. "दोन हजार एकशे तेरा," म्हणाला. अगदी मायेने.
बिहोगो चौदा वर्षांची आहे. माझं कॉलेज तिच्या लेकी विकून झालं.

२२ एप्रिल
हे अठ्ठावीस लिटर गाईचे नाहीतच! ते छताचे आहेत, पंख्यांचे, दर मंगळवारी येणाऱ्या खाद्याच्या ट्रकचे. फोन केला की वीस मिनिटांत हजर होणाऱ्या डॉक्टरचे. आमच्याकडे गोचिडाचा ताप आठवड्यात गाय नेतो. पाण्यासाठी कोरड्या दिवसांत दोन टेकड्या ओलांडायच्या. आमच्या लांबशिंगी गाई ओलांडतात. इथली ओलांडेल?
यातलं मी तातांना काय सांगितलं? एक आकडा. आणि वर चेष्टा केली.

७ मे
आज सांगणारच होते. पण पुन्हा सगळं गाव फोनभोवती. "बोल गं, पुढचा धडा!" मी म्हणाले, इथे हवा छान आहे. भित्री!
प्रेबेन व्हिसा सहा महिने वाढवायला तयार आहे. "तुझी नजर हवीय मला," म्हणाला. कागद टेबलावर आहे. माझी सही व्हायचीय.
पुढच्या रविवारी, सगळे चर्चला गेले की. ताता एकटे असतील.

१४ मे
"ताता, कळप विकू नका."
ताता म्हणाले, "तू बघू म्हणालीस, त्याच आठवड्यात विकला गं. तू आलीस की दाखवणार होतो."
"बिहोगो?"
"सगळ्या." मग घाईघाईने, "ते राहू दे. काळ्या-पांढऱ्यांतली एक कालपासून चाऱ्याला तोंड लावत नाही. अंग तापलंय. तू शिकलीयस ना? सांग, काय करू?"
मला माहीत नव्हतं. इथे अशा वेळी मी फक्त डॉक्टरला फोन करते.