रुमालाखालचा भाव

हैदराबाद,
रविवार, ९ मार्च २०२५

तीर्थरूप अप्पांना,
वैजयंतीचा शरणार्थ.

मी इकडे खुशाल आहे. तुम्हीही सगळे मजेत असाल, घरात लगीनघाई म्हटल्यावर असायलाच हवं. आईच्या गुडघ्यांना तेल लावायला कुणी बसतं का? पत्रिका वाटायला तिला लोकांचे जिने चढायला लावू नका. इथं ऊन आत्ताच आपल्या सेलूसारखं तापायला लागलंय. ऑफिस ठीक आहे. गोळ्या-औषधांचे नमुने तपासायचे, पास-नापास करायचं, दिवस जातो. आईनं पाठवलेली कारळाची चटणी संपली, पण परत पाठवू नका.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही स्पीकर लावता. अडतीच्या गादीवर बसून माझ्याशी बोलता बोलता हमालाला ओरडता, आणि मुनीमजी मधूनच "काय म्हनती वैजूताई" करतात. आजचं बोलणं गादीवर ऐकण्यासारखं नाही. दुकान बंद झालं की चष्मा लावून वाचा.

सिद्धम्मांची खोली मी सोडली. तुम्हीच सांगितलं होतं ना, "नवरदेवाच्या मावशीच्या घरात नवरीची थोरली बहीण भाड्यानं राहती, बरं दिसत न्हाई." सोडली. इतके महिने बरं दिसत होतं, पंधरवड्यात दिसेनासं झालं. असो.

नवी खोली लहान आहे. खिडकीतून समोरच्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीची वाफ येते. घरमालकीण तेलुगू बोलते, मला ते धड येत नाही, त्यामुळे तिला माझ्याबद्दल काहीच माहिती नाही. फार बरं वाटतं.

अप्पा, गेल्या वर्षीची ती संध्याकाळ आठवते का? चौथ्या स्थळाच्या त्या बाईनं मला चष्मा काढायला लावला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं, मग परसापर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं. ते लोक गेल्यावर मी आतल्या खोलीत पडून होते. तुम्ही आलात, दारातच उभे राहिलात, आणि म्हणालात, "वैजू, बास झालं. ह्याच्यापुढं तुला कुनाम्होरं बसवनार न्हाई. तुझं तू कमव, तुझं तू बघ." आत्या म्हणत होती, सत्तावीस वर्षांची पोरगी एकटी परमुलखात धाडताय, लोक तोंडात शेण घालतील. तुम्ही तिला गप्प केलंत. त्या शब्दावर मी बॅग भरली. तुमच्याएवढा बाप कुणाचाच नाही असं वाटत होतं. मला इथं सोडायला येताना गाडीत तुम्ही झोपलात आणि मी खिडकीशी बसून उगाच हसत होते.

खोलीही तुम्हीच शोधली होती. "आपल्यातलीच एक माऊली हाय काचीगुड्यात. बिचारी एकटी, वरची खोली रिकामी. तुला सोबत, तिला सोबत." मी म्हटलं, देव पावला.

आणि अप्पा, खरंच पावला होता. घरी कॉलेजच्या घाईत मी पूजा चुकवायची, आईच्या शिव्या खायची. सिद्धम्मांकडे मात्र आपण होऊन रोज पहाटे त्यांच्या शेजारी बसायला लागले. दोघी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचो, कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग चहा, आणि मग मात्र माझी टकळी सुरू. ऑफिसातलं, घरातलं, आत्याचं, त्या कॅलेंडरवाल्या बाईचंसुद्धा सांगितलं. आईला सांगितलं नाही ते त्यांना सांगितलं. रविवारी त्यांचा भाचा जेवायला यायचा, सोमेश्वर, बँकेतला. जेवायचा आणि जायचा. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

जानेवारीत आपली धाकटी धनू परीक्षेला आली, माझ्याकडे चार दिवस राहिली. ती गेली आणि सिद्धम्मांचं बोलणं आटलं. रविवारी भाचा येईनासा झाला. मला वाटलं, माझं काही चुकलं. विचारलं तर म्हणायच्या, "काय न्हाई गं पोरी, थंडी हाय."

मग एके सकाळी पूजेवरून उठल्या उठल्या त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. म्हणाल्या, "तोंड गोड कर. आपल्या सोमूचं आन् तुमच्या धनूचं ठरलं."

मी पेढा तसाच धरून राहिले. धनूचं ठरलं आणि मला माहीत नाही! त्यांना माझा चेहरा बघून दया आली असावी, कारण त्या खाली बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. "आदी तुझ्यासाठीच बघायलो होतो गं. तुझ्या अप्पानंच सांगितलं हुतं, 'पोरीला म्हयना-सा म्हयने ठेवून घ्या, तिची चालचलनूक बघा, मनाला आली तर बोलू. तिला मात्र कळू देऊ नका, न्हाईतर सावरून वागती.' तुला खरंच ठाव न्हवतं व्हय? मला वाटलं, कळलं आसंल."

आणि नापसंत का, तर कारणही मिळालं. आमच्या लॅबमध्येसुद्धा माल नापास केला तर कारण लिहावं लागतं. एका रविवारी जेवताना सोमेश्वरनं पाणी मागितलं. मी म्हटलं, "माठ तुमच्या हाताशी आहे, घ्या की." तो हसला आणि उठून घेतलं. मलाही ओतून दिलं. सिद्धम्मा म्हणाल्या, "तू लय गुनाची हायस, पर सवताचं सवता ठरवतीस. आमच्या बहिनीच्या घरात निभायचं न्हाई. धनूनं बघ, त्यानं मागायच्या आत तांब्या भरून ठेवला."

धनूला कुणी बघत होतं हे तिलाही माहीत नव्हतं. तिचा तो स्वभाव आहे. लहानपणी ती माझाही तांब्या भरून ठेवायची.

त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही पहिल्यांदाच स्पीकर बंद केलात, त्यावरून समजले की सगळं खरं आहे. तुम्ही म्हणालात, "तुझा अपमान होऊ नये म्हनूनच न्हाई सांगितलं, बाळा. मी शब्द मोडला न्हाई. तुला कुनाम्होरं बसवलं का?"

नाही बसवलंत. खरं आहे. माझं उठणं, बसणं, जेवणं, झोपणं, पूजा, बडबड, सगळंच त्यांच्यापुढे ठेवलंत, फक्त बसवलं नाहीत. त्या कॅलेंडरवाल्या बाईनं निदान तोंडावर चष्मा काढ म्हटलं होतं.

तुम्हीच सांगायचात, आजोबांच्या काळात अडतीवर हातावर रुमाल टाकायचे आणि त्याच्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे. ज्याचा कापूस तो शेतकरी गाडीजवळ उभा, आणि आपल्या मालाचं काय चाललंय ते त्यालाच कळत नसे. तुमचा ऊर किती भरून यायचा सांगताना, की मी गादीवर बसलो आणि पहिला तो रुमाल चुलीत घातला, या चन्नबसप्पाच्या अडतीवर जे होईल ते उघड्यावर होईल. आम्ही दोघी बहिणी ते ऐकत मोठ्या झालो. तो रुमाल तुम्ही जाळला नव्हता अप्पा, जपून ठेवला होता.

आता ते लिहिते जे टाळायला या कागदाच्या दोन बाजू खर्च केल्या.

मला तो आवडला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, दाखवलं नव्हतं, म्हणून मला वाटलं हे माझं एकटीचं आहे. स्थळ नाही, पत्रिका नाही, कुणी मध्ये नाही, माझं मीच. पाणी घ्यायला तो हसत उठला तेव्हा तर मला खात्रीच वाटली. रविवारी मी केस धुवायची. शनिवारीच ज्वारीचं पीठ ताजं दळून आणायची. त्या घरात बघायचं काम फक्त तेच करत नव्हते. धनूला सांगा, त्याला भाकरी कडक लागते, शेंगदाण्याच्या चटणीत लसूण चालत नाही, आणि जेवण झाल्यावर तो पाच मिनिटं कुणाशीच बोलत नाही, त्याचा राग मानायचा नसतो. कुठून कळलं विचारलं तर सिद्धम्मांचं नाव सांगा.

त्याला सगळं माहीत होतं. दर रविवारी माहीत होतं. त्याच्यावर राग येतो, पण त्यानं मला काही शब्द दिला नव्हता. शब्द तुम्ही दिला होता.

तुम्ही म्हणालात, हळदीला येऊ नको, लोक थोरलीचं विचारतील, थेट अक्षतेला ये आणि रजा मिळाली नाही म्हणून सांग. तसंच करते. सकाळच्या गाडीनं येईन, संध्याकाळच्या गाडीनं जाईन. काल धनूचा फोन होता. रडत होती, "ताई, तू न्हाईस तर हळद कोन लावनार मला?" मी म्हटलं, साहेब रजा देत नाहीत. तिनं माझ्या साहेबाला चिक्कार शिव्या दिल्या.

तिला यातलं काहीच माहीत नाही. कळलं तर ती या लग्नाला उभी राहणार नाही, मी ओळखते तिला. म्हणून मीही बोलणार नाही, कधीच. म्हणजे आता त्या रुमालाखाली माझाही हात आला. बाकी सगळं एखादे दिवशी विसरेन अप्पा, पण माझा हात तिथं तुम्ही नेलात, हे विसरायचं नाही मला.

पत्रावर नवा पत्ता लिहिलेला नाही, राहून गेला असं समजू नका. ही खोली मी शोधली आहे. आईला सांगा, जेवते वेळेवर.

तुमच्या शब्दावर घराबाहेर पडलेली,
वैजयंती