जिवंत माणसाचं नाव

११ जुलै १९९०

वही, ओळखलंस का? नाही ओळखलंस. मेपासून पिठाच्या डब्यामागे पडून होतीस आणि आता माझ्याकडे कोरं तोंड करून बघतेस. मी उकायाक, चर्चमध्ये एस्थर. लिहिणारी माझी सून हेलन. मला अक्षर येत नाही, तुला आठवण राहत नाही. आपलं जमायचं.

तर ऐक. आज दुपारी गावच्या रेडिओवर म्हातारा सॅम्युअल यादी वाचत होता. समुद्रापलीकडून, रशियाच्या किनाऱ्यावरून आमच्या बेटावर जहाज येणार, ऑगस्टात. अठरा माणसं, आमच्याच भाषेची, आमच्याच नात्याची. सातवं नाव – वेरा आग्नागा.

आग्नागा माझी ताई! लग्न होऊन तिकडे गेलेली. वेरा हे तिकडच्या सरकारनं पुढे चिकटवलं असणार, जसं पाद्र्यानं मला एस्थर चिकटवलं. शेवटची भेटली सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात, पाठीवर तान्हं मूल, हाताशी थोरली लेक.

हातातला मासा खाली पडला. रडले. मग हसले. मग आठवलं.

हेलन, थांबू नकोस, लिही. आपण ताईला मेलेली धरून तेरा वर्षं झाली.

१२ जुलै

ताई जिवंत आहे. आज एवढंच.

१४ जुलै

तुला सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर भलतंच धरून बसशील.

आमच्यात माणूस गेलं की त्याचं नाव पुढच्या बाळाला देतात. नाव आलं की माणूस आलं. नातंही तेच लागतं. पण जिवंत माणसाचं नाव कुणी देत नाही. ते म्हणजे श्वास चालू असताना त्याला पुरणं.

हेलन पोटुशी होती तेव्हा ताई माझ्या स्वप्नात आली. पाणी मागितलं. गेलेल्याला परत यायचं असलं की ते असंच पाणी मागतं. तीस वर्षांत तिकडून एक चिठ्ठी नव्हती. स्वप्न हेच आमचं टपाल. मुलगी झाली. मी तिच्या कानात म्हटलं, आग्नागा.

शाळेत ती डोना. घरात मी नातीला ताई म्हणते आणि ती मला धाकटे म्हणते. तेरा वर्षांची पोर मला दटावते, "धाकटे, चहात किती साखर टाकतेस?" मी चमचा खाली ठेवते. ताईचं ऐकावं लागतं.

आता खरी ताई बोटीतून उतरणार, आणि कुणीतरी पोरीला त्या नावानं हाक मारणार. मग मी तोंड कुठे लपवू?

१७ जुलै

हेलन म्हणाली, "आई, चूक तुमची नाही. ज्यांनी समुद्र बंद केला त्यांची."

तेही लिही मग. फार दूर दोन मोठी गावं होती, एक त्यांच्या सरकारचं, एक आमच्या, दोन्ही मी पाहिलेली नाहीत. पाव सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा की ज्यानं त्यानं आपापला कमवायचा, यावर त्यांचं बिनसलं. आम्ही तेव्हा पाव खात नव्हतो. आमच्याकडे देवमासा मिळाला की होडीवाल्याला मान आणि प्रत्येक घराला वाटा. दोन्ही एकाच दुपारी उरकतं. कुणी विचारायला आलं असतं तर सांगितलं असतं.

एकानं जग जाळील असा बॉम्ब केला. मग दुसऱ्यानं केला. मग दोघेही इतके भ्याले की एकमेकांवर फेकला कुणीच नाही. पण एवढी भीती ठेवायची कुठे? ती आमच्या समुद्रावर आणून ठेवली. अठ्ठेचाळीस साली हुकूम आला – पलीकडे जायचं नाही, तिकडे शत्रू राहतो.

माझ्या नवऱ्याला लष्करानं बंदूक दिली, पांढरा कोट दिला, दुर्बीण दिली. कड्यावर पालथा पडून शत्रू बघायचा. संध्याकाळी मी विचारायची, "दिसला का?"

"धुकं दिसलं. धुक्यामागं साडू असेल."

तिकडे साडूलाही दुर्बीण दिली असणार. दोघांनी मिळून वीस वर्षं वालरसांचा एकच कळप राखला.

पण वही, बॉम्ब पडला नाही. हे मी विसरत नाही. रोज सकाळी हवा स्वच्छ असली की बघते – पलीकडचे डोंगर जागेवर आहेत. आभार मानते. कुणाचे ते नक्की माहीत नाही. ज्याचे असतील त्यानं घ्यावेत.

२२ जुलै

घरात ठरलं होतं – पाहुणे असेपर्यंत पोरीला डोनाच म्हणायचं. मुलगा म्हणाला, "आई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

सॅम्युअल चहाला आला होता. तो पोट धरून हसला. "एस्थर, या गावाला गप्प बसायला सांगतेस? तुझी कवळी हरवली ती विमानाच्या पायलटलाही माहीत होती."

"तूच रेडिओवर सांगितलंस, मेल्या."

"सापडली ना पण?"

पोर कोपऱ्यात ऐकत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "मग मी कोण?"

"तू डोना."

"डोना हजेरीपटावरची. घरात मी तेरा वर्षं तुझी ताई होते. ती येणार म्हणून मी कुणीच नाही का?"

 सॅम्युअलनं चहाच्या कपात तोंड घातलं. जाताना ती दारातून म्हणाली, "येते, आजी."

आजी! जन्मात पहिल्यांदा.

२३ जुलै

आजही आजी म्हणाली. दोनदा.

३० जुलै

लपवायचं नाही. पोरीला हाताशी घेऊन किनाऱ्यावर उभी राहीन आणि कबूल करीन. ताईला ज्या शिव्या द्यायच्यात त्या ती मला देईल. तिला शिव्या छान येतात.

पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तिनं नाव परत मागितलं तर?"

"तर मी मध्ये उभी राहीन."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "धाकटे, आधी गुडघे बघ स्वतःचे."

धाकटे म्हणाली. वही, मी आज दोन वेळा जेवले.

२ ऑगस्ट

धुकं. जहाज बाहेरच थांबलंय. बेचाळीस वर्षं थांबले, पण हे दोन दिवस जात नाहीत.

४ ऑगस्ट

धुकं उठलं. आमच्या होड्या जाऊन माणसं घेऊन आल्या. सगळं गाव खड्यांच्या किनाऱ्यावर. मी पोरीचा हात धरलेला, की तिनं माझा.

तीन म्हाताऱ्या उतरल्या. प्रत्येकीच्या तोंडाकडे बघितलं. ताई नव्हती. शेवटच्या होडीतून एक उंच बाई उतरली, तिशीची असेल, सोन्याचा दात, निळा कोट. होडीवाल्यानं बोट दाखवलं तशी सरळ माझ्याकडे आली. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"धाकटे, किती वाळलीस गं. जेवायला घालत नाहीत का तुला?"

 तिशीच्या बाईनं मला धाकटे म्हटलं, त्यात सगळं आलं, ताई गेल्याचंही.

वेरा ताईची नात, त्या थोरल्या लेकीची मुलगी. सरकारनं जुनं गाव समुद्रावरून उठवून आत नेलं, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ताई गेली. साठ साली. वसंतात वेरा झाली, नाव तिला लागलं. त्यानंतर सतरा वर्षं, पोर होईपर्यंत, मी सकाळी ज्या डोंगरांकडे बघून ताईशी बोलत होते, तिथे ताई नव्हती.

खूप रडले. किती, ते तुला कशाला. मग ध्यानात आलं – मी कुणाला जिवंत पुरलं नाही. स्वप्न खरं होतं. एका किनाऱ्यावर ताईचं भागलं नव्हतं.

पोर पुढे झाली. मान ताठ, आवाज बारीक. "मीही आग्नागा आहे."

वेरानं तिला बघितलं, मला बघितलं. सोन्याचा दात चमकला. "बरं झालं. हिला सांभाळायचं म्हणजे एकटीचं काम नाही."

मग दोघींनी मिळून मला गाडीवर बसवलं आणि डोकं उघडं ठेवलं म्हणून रागावल्या. अशी श्रीमंती कुणाला मिळते?

७ ऑगस्ट

उद्या जहाज परत निघतं. मीही जाते. कागदावर अंगठा लावला. तिकडे टेकडीवर ताईला ठेवलंय, आणि तीस वर्षांत माझ्या हातचा एक घास तिच्यापुढे पडलेला नाही. बर्फाआधी परतले तर परतले. तू इथेच राहा, वही. तिकडे माझं लिहिणारं कुणी नाही.

हेलन, सप्टेंबरच्या बोटीनं काळ्या देवमाशाची कातडी पाठव, चरबीसकट, शेपटीजवळची. तिकडे फार वर्षं कुणी चाखली नाही. मीठ लावू नकोस. चिरू नकोस, अख्खा तुकडा पाठव. चिरायचं ते मी टेकडीवर तिच्यासमोर बसून चिरीन.