सैल स्टीअरिंगची गाडी सुनेच्या नावे

मी, कुंदा उपेंद्र वालावलकर, वय सदुसष्ट, मूळ गाव कुडाळ, हल्ली मुक्काम मुलाचा फ्लॅट, अल मजाज, शारजा, कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी दुसऱ्या डॉक्टरांकडून घेतला, कारण सिद्धार्थ मला ज्यांच्याकडे नेतो ते माझ्याऐवजी त्याच्याशीच बोलतात.

१. माझे पती कै. उपेंद्र यांनी १९९१ साली मायदेशी परतणाऱ्या एका डच गृहस्थाकडून जुनी मोटरहोम घेतली. आत दोन बाकं, शेगडी, छोटं बेसिन. थंडीत दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही खोर फक्कानच्या समुद्रावर जात असू. ते गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली आणि मी मुलाच्या व्हिसावर आले. पासपोर्ट सिद्धार्थने "सांभाळून ठेवतो" म्हणून घेतला. कुडाळला जाऊन राहते म्हटलं की तो म्हणतो, "तिथे तुला बघणार कोण?" तो वाईट मुलगा नाही. रोज रात्री माझी गोळी स्वतः हातावर ठेवतो आणि मी गिळेपर्यंत उभा राहतो.

ही मोटरहोम मी माझी सून पर्णिका हिला देत आहे.

२. गाडीविषयी पर्णिकेला सूचना. गेल्या वर्षी गाडी सरकारी वार्षिक टेस्टिंगमध्ये नापास झाली. स्टीअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नव्हती. सिद्धार्थ म्हणाला, भंगारात काढू. मी ती यूनुसच्या गॅरेजात नेली. यूनुस चिपळूणचा. त्याने स्टीअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला आणि म्हणाला, "ताई, खलास. आता बघा कशी चालते."

चालली, पण वळल्यावर स्टीअरिंग परत सरळ येईना. राउंडअबाउटवर मी दोन्ही हातांनी ओढत होते, तरी गाडी कडेच्या कट्ट्यावर चढली. कोणाला लागलं नाही.

मी यूनुसला स्क्रू होता तसा सैल करायला लावला. मग त्याला आत बसवून स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि स्वतः पुठ्ठा अंथरून गाडीखाली गेले. एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. चाकांना वळवणाऱ्या दांड्याचा, टाय-रॉडचा, एक सांधा खिळखिळा लागला. पुढे पाहिलं तर अख्खा स्टीअरिंग बॉक्सच चॅसीवर, गाडीच्या सांगाड्यावर, हलत होता. बोल्ट झिजले होते, भोकं लांबट झाली होती. यूनुसने पट्टी वेल्ड केली, नवे बोल्ट बसवले, सांधा बदलला. गाडी पास झाली. मी गाडीखाली झोपले होते हेच सिद्धार्थने डॉक्टरांना माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचा पुरावा म्हणून सांगितलं.

तेव्हा पर्णिके, स्टीअरिंग पुन्हा सैल वाटलं तर लगेच स्क्रू आवळू देऊ नकोस. आधी खाली जाऊन कुठे हलतंय ते हाताने बघ.

३. माझ्या बांगड्या पर्णिकेला. त्या घालायच्या नाहीत, मोडायच्या आणि ड्रायव्हिंग शिकायचं.

४. कुडाळचं घर सिद्धार्थला, पण अट आहे. पर्णिकेच्या लायसन्ससाठी लागणाऱ्या ना-हरकत पत्रावर त्याने आधी सही करावी. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तो "बघू, इन्शाल्ला" म्हणतोय. माझ्या पत्रावर त्याच्या वडिलांनी उभ्या उभ्या सही केली होती. सही न केल्यास घरही पर्णिकेचं.

५. हे आजच का लिहिते, तेही नमूद करते. गाडी पास झाल्यावर सिद्धार्थ ऑफिसात असताना मी आणि पर्णिका खोर फक्कानला गेलो. समुद्राकडे तोंड करून चहा केला. परतताना शारजा जवळ आल्यावर ती म्हणाली, "आई, हळू चालवा ना." घरी सिद्धार्थ दारातच होता.

"तुला काही झालं असतं तर मी लोकांना काय सांगणार होतो?"

"आई फिरायला गेली होती, असं सांगायचं."

त्याने चावी घेतली आणि कपाटात पासपोर्टजवळ ठेवून कुलूप घातलं. काल तो मस्कतला गेला. आज सकाळी पर्णिकेने दुसऱ्या किल्लीने कपाट उघडून चावी माझ्या हातात दिली.

"पासपोर्टही तिथेच आहे, आई. आणू? तिकीट मी काढते."

मी नको म्हटलं. मी कुडाळला पोचले असते, पण इथे तिला जाब द्यावा लागला असता, आणि तिचा व्हिसाही त्याच्याच सहीवर आहे. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं आणि तिला मीठ आणायला खाली पाठवलं. मीठ घरात होतं. मला थोडा वेळ रडायचं होतं.

६. अंत्यविधी इथेच करावा. विमानाने मला कुडाळला नेऊ नये. मला तिथे राहायला जायचं होतं.

कुंदा उपेंद्र वालावलकर (सही)

आमच्यासमक्ष सही केली. पर्णिकेला यातून मिळायचं असल्याने तिला साक्षीदार घेतलेलं नाही.
साक्षीदार: १. यूनुस परकार (सही) २. हमीदा यूनुस परकार (सही)

स्थळ: यूनुसचं गॅरेज, शारजा
दिनांक: २ एप्रिल २००२